बायबलच्या अर्थनिर्णयातील सामान्य चुका

बायबलच्या अर्थनिर्णयातील सामान्य चुका म्हणजे बायबलमधील उताऱ्यांचा अर्थ लावताना पूर्वापर संदर्भ, वाङ्मयप्रकार, मूळ भाषा, ऐतिहासिक परिस्थिती किंवा हस्तलिखित परंपरा यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निर्माण होणारे गैरसमज होत. ग्रंथाचा अर्थ कोणत्या तत्त्वांनी लावावा याचा विचार करणाऱ्या शाखेला अर्थनिर्णयशास्त्र म्हणतात. या शास्त्रात दोन ग्रीक संज्ञा नेहमी आढळतात. उताऱ्यात असलेला अर्थ बाहेर काढणे म्हणजे ‘एक्सेगेसिस’ आणि वाचकाने आपल्या मनातील अर्थ उताऱ्यात घालणे म्हणजे ‘आयसेगेसिस’. या लेखात वर्णिलेल्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारात मोडतात.

बायबल हा ज्यू (फक्त जुना करार) आणि ख्रिस्ती धर्मीयांचा पवित्र ग्रंथ असला तरी त्याचा अभ्यास श्रद्धावंतांप्रमाणेच इतिहास, भाषा आणि साहित्य यांचे अभ्यासकही करतात. चुकीच्या अर्थनिर्णयाचे परिणाम केवळ पांडित्यापुरते राहिलेले नाहीत. गुलामगिरी, ज्यूंचा छळ आणि वैज्ञानिक मतांवरील बंदी यांच्या समर्थनार्थ बायबलमधील वचनांचा आधार घेतला गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत.

## ग्रंथाचे स्वरूप

‘बायबल’ हा शब्द ‘बिब्लिया’ या ग्रीक अनेकवचनी शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘पुस्तके’ असा आहे. बायबल हे एका लेखकाने सलग लिहिलेले पुस्तक नसून अनेक शतकांत रचल्या गेलेल्या लेखनाचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके आहेत, तर कॅथलिक बायबलमध्ये ७३ आहेत. ज्यू परंपरेत प्रोटेस्टंट जुन्या कराराइतकाच मजकूर २४ पुस्तकांत विभागलेला आहे. जुना करार मुख्यत्वे हिब्रू भाषेत असून दानीएल व एज्रा या पुस्तकांचे काही भाग अरामी भाषेत आहेत. नवा करार तत्कालीन बोलीवजा ग्रीक भाषेत, म्हणजे ‘कोइने’ ग्रीकमध्ये, लिहिला गेला.

या संग्रहात इतिहास, कायदे, वंशावळी, स्तोत्रे, नीतिवचने, प्रेमगीते, संदेष्ट्यांची भाषणे, शुभवर्तमाने, पत्रे आणि दृष्टान्तदर्शने आहेत. त्यामुळे ‘बायबल असे म्हणते’ या विधानापुढे कोणते पुस्तक, कोणाच्या तोंडून, कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी असे म्हणते, हे प्रश्न उभे राहतात. पुढील चुकांपैकी बहुतेकींचे मूळ हे प्रश्न न विचारण्यात आहे.

## अर्थनिर्णयाची परंपरा

अर्थ लावण्याचे नियम ठरविण्याचा प्रयत्न प्राचीन आहे. ज्यू परंपरेत हिल्लेल यांच्या नावावर सात आणि रब्बी इश्माएल यांच्या नावावर तेरा नियम सांगितले जातात. अकराव्या शतकातील फ्रान्समधील रब्बी राशी (१०४०–११०५) यांनी उताऱ्याच्या सरळ अर्थावर, म्हणजे ‘पेशात’वर, विशेष भर दिला. ख्रिस्ती परंपरेत अलेक्झांड्रिया येथील ओरिजेन यांनी अक्षरार्थापलीकडील रूपकात्मक अर्थाला महत्त्व दिले, तर अँटिऑक येथील अभ्यासकांनी ऐतिहासिक व शाब्दिक अर्थाचा आग्रह धरला. संत ऑगस्टीन यांनी ‘दे डॉक्ट्रिना क्रिस्तियाना’ या ग्रंथात संदिग्ध उतारे स्पष्ट उताऱ्यांच्या साहाय्याने समजून घ्यावेत, असे प्रतिपादन केले.

धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी मूळ भाषांकडे व सरळ अर्थाकडे वाचकांना वळविले. पुढे ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत विकसित झाली. कॅथलिक चर्चमध्ये पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने मूळ भाषा व प्राचीन वाङ्मयप्रकार यांच्या अभ्यासाला प्रोत्साहन दिले. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलमधील शब्दार्थांविषयीच्या सदोष युक्तिवादांची चिकित्सा केली आणि डी. ए. कार्सन यांनी १९८४ मध्ये अशा दोषांचे वर्गीकरण करणारे पुस्तक प्रसिद्ध केले.

## चुकांचे प्रमुख प्रकार

### पूर्वापर संदर्भ तोडणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एखादे वचन आजूबाजूच्या मजकुरापासून वेगळे करून वाचणे. वचनांना दिलेले क्रमांक या सवयीला हातभार लावतात. अध्यायांची आज प्रचलित असलेली विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी केली, असे मानले जाते. नव्या करारातील वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. मूळ लेखकांनी हे विभाग पाडलेले नाहीत. यशयाच्या पुस्तकातील दुःखसहन करणाऱ्या सेवकाविषयीचे गीत ५२व्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सुरू होते. मात्र अध्याय मध्येच संपत असल्यामुळे अनेक वाचक ते ५३व्या अध्यायापासून वाचतात.

याची काही परिचित उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

* यिर्मया २९:११ – परमेश्वराने लोकांच्या हिताची योजना आखली आहे, असे सांगणारे हे वचन व्यक्तिगत यशाचे आश्वासन म्हणून वापरले जाते. प्रत्यक्षात ते बाबिलोनमध्ये निर्वासित झालेल्या समाजाला पाठविलेल्या पत्रातील आहे. आधीच्याच वचनात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे म्हटले आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ती सुटका पाहायला मिळणार नव्हती.
* फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ – आपणास सर्व काही शक्य आहे, या अर्थाचे पौलाचे विधान स्पर्धेतील विजयासाठी उद्धृत होते. पौल तेथे विपन्नता व समृद्धी या दोन्ही स्थितींत समाधानी राहण्यास आपण शिकलो, असे सांगत आहे.
* १ करिंथ १३ – प्रेमाविषयीचा हा अध्याय विवाहप्रसंगी वाचला जातो. मूळ पत्रात तो आध्यात्मिक दानांवरून मंडळीत माजलेल्या चढाओढीच्या विवेचनामध्ये येतो.

बोलणारा कोण आहे हे न पाहणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार आहे. ईयोबाच्या पुस्तकात त्याच्या मित्रांची दीर्घ भाषणे आहेत. परंतु पुस्तकाच्या शेवटी (४२:७) ते योग्य बोलले नाहीत असा परमेश्वराचा निर्णय येतो. मत्तय ४:६ मध्ये तर सैतानच ९१व्या स्तोत्राचा आधार घेतो. तेव्हा एखादे वाक्य बायबलमध्ये आहे एवढ्यावरून ते बायबलचे प्रतिपादन ठरत नाही.

### वाङ्मयप्रकार न ओळखणे

कविता, कायदा, पत्र आणि दाखला हे एकाच रीतीने वाचता येत नाहीत. नीतिसूत्रे २६:४ मध्ये मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नये असा सल्ला आहे, तर लगेच पुढच्या वचनात तसे उत्तर द्यावे असा सल्ला आहे. दोन्ही वचने शेजारी ठेवणाऱ्या संकलकाला ही विसंगती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. नीतिवचन हे प्रसंगानुरूप वापरायचे व्यवहारज्ञान असते; त्याला अपवादरहित नियम किंवा हमी मानणे ही चूक होय. मुलाला योग्य वळण लावल्यास तो म्हातारपणीही ते सोडणार नाही, या आशयाचे वचन (नीतिसूत्रे २२:६) हमी म्हणून वाचले गेल्यामुळे अनेक पालकांनी विनाकारण अपराधीपणा बाळगला आहे.

हिब्रू काव्यात एकच कल्पना दोन चरणांत वेगळ्या शब्दांनी मांडण्याची पद्धत आहे. रॉबर्ट लाउथ यांनी १७५३ मध्ये या समांतर रचनेचे सविस्तर विवेचन केले. दुसऱ्या चरणात निराळीच गोष्ट सांगितली आहे असे समजून त्यावर सिद्धान्त उभारणे ही त्यामुळे धोक्याची वाट ठरते.

दाखल्यांच्या बाबतीत प्रत्येक तपशिलाला गूढ अर्थ चिकटविण्याची प्रवृत्ती दिसते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:३०–३७) जखमी प्रवासी म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे चर्च, असा अर्थ प्राचीन काळी लावला गेला. आडोल्फ युलिखर यांनी १८८८ मध्ये अशा पद्धतीवर टीका करून दाखल्याचा मुख्य मुद्दा शोधण्याचा आग्रह धरला. दाखल्यात एकच मुद्दा असतो हे त्यांचे मत पुढील अभ्यासकांनी पूर्णतः स्वीकारलेले नाही. तथापि मनमानी रूपके टाळावीत याविषयी सर्वसाधारण सहमती आहे.

दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील दृष्टान्तदर्शने प्रतीकांच्या भाषेत आहेत. त्यांतील संख्यांवरून तारखा काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले. अमेरिकेतील विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधील २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे मानून ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले असल्याचे सांगितले. त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित केली. तो दिवस नेहमीसारखाच उजाडला आणि मावळला. इतिहासात ही घटना ‘महान निराशा’ या नावाने ओळखली जाते.

### वर्णनाला आज्ञा मानणे

बायबलमधील कथा घडलेल्या गोष्टी सांगतात. घडलेली प्रत्येक गोष्ट अनुकरणीय आहे असे त्या म्हणत नाहीत. याकोब, दावीद आणि शलमोन यांना अनेक पत्नी होत्या, यावरून बहुपत्नीकत्वाचा पुरस्कार सिद्ध होत नाही. त्याच कथांमध्ये त्यातून उद्भवलेला कौटुंबिक कलहही वर्णिला आहे. शास्ते ११ मध्ये इफ्ताह अविचाराने केलेल्या नवसापायी आपल्या मुलीला गमावतो. त्या पुस्तकाचे अखेरचे वचन, प्रत्येक जण आपल्याला बरे वाटेल ते करीत असे, या निरीक्षणाने संपते. तो सर्व वृत्तान्त कोणत्या दृष्टीने वाचावा याचे सूचन त्यात आहे.

### शब्दार्थविषयक चुका

शब्दाच्या व्युत्पत्तीवरून त्याचा वापरातील अर्थ ठरविणे ही अभ्यासकांच्याही हातून होणारी चूक आहे. मराठी वाचकाला ती ‘प्रवीण’ या शब्दावरून सहज समजेल. हा शब्द मुळात वीणावादनातील कौशल्याशी जोडला जातो. पण गणितात प्रवीण असलेल्या विद्यार्थ्याला कोणी वीणा वाजवायला सांगत नाही. त्याचप्रमाणे ग्रीक ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य या शब्दावरून ‘डायनामाइट’ हे नाव एकोणिसाव्या शतकात तयार झाले. म्हणून पौलाच्या मनात स्फोटाची कल्पना होती असे सांगणे म्हणजे कालक्रम उलटा करणे होय.

ग्रीकमधील ‘अगापे’ हे नेहमीच निःस्वार्थ ईश्वरी प्रेम असते, ही समजूतही अशीच प्रचलित आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाच्या तामारविषयीच्या वासनेसाठी (२ शमुवेल १३) याच धातूचा वापर झाला आहे. २ तीमथ्य ४:१० मध्ये देमासच्या संसारासक्तीसाठीही तोच धातू येतो. एखाद्या शब्दाचा अर्थ कोशातील सर्व छटा एकत्र करून नव्हे, तर त्या वाक्यातील उपयोगावरून ठरतो.

भाषांतरातील एका शब्दाचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण निर्गम ३४:२९ येथे आहे. सीनाय पर्वतावरून उतरताना मोशेच्या चेहऱ्याचे वर्णन करणारे हिब्रू क्रियापद ‘शिंग’ या अर्थाच्या नामाशी संबंधित आहे. येथे ते तेजाची किरणे फाकणे या अर्थाने घेतले जाते. जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात मात्र शिंगांचा वाचक शब्द आला. रोममधील सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमधील मायकेलअँजेलोच्या मोशेच्या पुतळ्याला शिंगे आहेत, ती या परंपरेमुळे.

मूळ भाषेतील वाक्प्रचार अक्षरशः घेतल्यानेही घोटाळा होतो. आईवडिलांचा द्वेष करण्याविषयी लूक १४:२६ मध्ये जे म्हटले आहे, ते तुलनेने कमी प्रीती करणे या सेमिटिक भाषांतील लकबीनुसार समजले जाते. मत्तय १०:३७ मध्ये हाच विचार तुलनेच्या स्वरूपात स्पष्टपणे आला आहे.

### ऐतिहासिक व सामाजिक परिस्थिती विसरणे

डोळ्याबद्दल डोळा हा नियम (निर्गम २१:२४) आज सूडाचे घोषवाक्य समजला जातो. प्राचीन समाजात एका इजेबद्दल संपूर्ण कुळाचा संहार होण्याची शक्यता असे. अशा परिस्थितीत शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी, त्याहून अधिक नसावी, अशी मर्यादा हा नियम घालतो. हम्मुराबीच्या कायद्यातही या स्वरूपाची कलमे आढळतात.

शोमरोनी हा शब्द आज परोपकारी माणसासाठी वापरला जातो, त्यामुळे मूळ दाखल्याची धार बोथट होते. ज्यू आणि शोमरोनी यांच्यात तीव्र वैर होते. ज्यू श्रोत्यांसमोर याजक आणि लेवी यांना निष्काळजी व शोमरोन्याला दयाळू दाखविणे हा त्यांना बसलेला धक्का होता.

नाण्यांची किंमत ठाऊक नसल्यानेही अर्थ निसटतो. मत्तय १८:२३–३४ या दाखल्यातील चाकराचे कर्ज दहा हजार तालांत असते आणि त्याच्या सहकाऱ्याकडील येणे शंभर दीनार असते. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे माफ झालेले कर्ज सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके आणि ज्यासाठी त्याने सहकाऱ्याचा गळा धरला ते कर्ज शंभर दिवसांच्या मजुरीइतके. हा हिशेब केल्याशिवाय दाखल्यातील अतिशयोक्ती लक्षात येत नाही.

वंशावळींविषयीही हेच म्हणता येते. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळी व राजवटी यांच्या आधारे जगाची निर्मिती इ.स.पू. ४००४ मध्ये झाल्याचे ठरविले. प्राचीन वंशावळींत मात्र पिढ्या गाळण्याचा प्रघात होता. मत्तय १:८ मध्ये योराम व उज्जीया यांच्यामधील अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे वगळलेले आहेत, हे १ इतिहास ३:११–१२ शी तुलना केल्यास दिसते.

### पाठभेदांविषयीचे अज्ञान

बायबलमधील कोणत्याही पुस्तकाची लेखकाच्या हातची प्रत उपलब्ध नाही. उपलब्ध हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठ निश्चित करण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. मार्क १६:९–२० हा भाग चौथ्या शतकातील सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत नाही. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची कथाही (योहान ७:५३–८:११) सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख असलेला १ योहान ५:७ मधील प्रसिद्ध मजकूर इरॅस्मस यांनी १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत घेतला नव्हता. तो १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत आला आणि तेथून अनेक भाषांतरांत शिरला.

नव्या भाषांतरांत प्रेषितांची कृत्ये ८:३७ यासारखा एखादा क्रमांक गाळलेला किंवा तळटीपेत दिलेला दिसतो. ते पाहून भाषांतरकारांनी वचन लपविले असा समज होतो. वस्तुतः क्रमांक सोळाव्या शतकातील छापील प्रतींवरून ठरले आणि त्यांतील काही मजकूर जुन्या हस्तलिखितांत नसल्याचे नंतर लक्षात आले. उलट पाठभेद आहेत म्हणून संपूर्ण पाठच अविश्वसनीय आहे, हा निष्कर्षही टिकत नाही. १९४७ पासून कुमरान येथे सापडलेल्या मृत समुद्राच्या गुंडाळ्यांमुळे हिब्रू पाठाची उपलब्ध साक्ष सुमारे एक हजार वर्षे मागे गेली. तेथील यशयाची गुंडाळी पुढील काळातील पाठाशी मोठ्या प्रमाणावर जुळते.

### परंपरेतील समजुती ग्रंथावर लादणे

चित्रे, नाटके आणि गीते यांतून रूढ झालेले अनेक तपशील मूळ ग्रंथात नाहीत.

* येशूच्या जन्मानंतर आलेल्या मागी लोकांची संख्या मत्तयाने दिलेली नाही. तीन भेटवस्तूंवरून तीन ज्ञानी पुरुषांची कल्पना रूढ झाली.
* एदेन बागेतील निषिद्ध फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटलेले नाही.
* योनाला गिळणारा जलचर मोठा मासा म्हणून वर्णिलेला आहे.
* मग्दालीया मरीया वेश्या होती असे कोणतेही शुभवर्तमान म्हणत नाही. पोप ग्रेगरी पहिले यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस एका प्रवचनात तिला लूक ७ मधील पापी स्त्रीशी एकरूप मानले आणि पाश्चात्त्य परंपरेत ती समजूत दृढ झाली.
* १ तीमथ्य ६:१० मध्ये पैशाला नव्हे, तर पैशाच्या लोभाला अनर्थांचे मूळ म्हटले आहे.

### साम्यावरून उसनवारी ठरविणे

दोन परंपरांत काही साम्य दिसले की एकीने दुसरीकडून घेतले, असा निष्कर्ष काढण्याच्या अतिरेकावर सॅम्युअल सँडमेल यांनी १९६१ मधील एका व्याख्यानात टीका केली. भारतात ‘कृष्ण’ आणि ‘ख्रिस्त’ या नामसाम्यावरून असे दावे दोन्ही बाजूंनी केले गेले. ‘ख्रिस्त’ हा अभिषिक्त या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा तद्भव असून ‘कृष्ण’ या संस्कृत शब्दाचा अर्थ काळा किंवा सावळा असा आहे. केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा होत नाही.

## मराठी भाषांतरे आणि मराठी वाचक

ख्रिस्ती विषयांवरील मराठी लेखनाची परंपरा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’पर्यंत जाते. हा ओवीबद्ध ग्रंथ बायबलमधील कथा स्वतंत्रपणे सांगतो; तो बायबलचे भाषांतर नाही. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना समजेल अशी भाषा वापरण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगाव येथील मुक्ती मिशनने प्रकाशित केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे अलीकडील भाषांतर आहे.

मराठीतून वाचताना काही विशिष्ट अडचणी येतात.

* पारिभाषिक शब्द – आत्मा, मोक्ष, अवतार, पुण्य हे शब्द भारतीय दर्शनांतील अर्थ घेऊन येतात. हिब्रू ‘नेफेश’ हा शब्द उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्राण्यांनाही लावलेला आहे. त्याच्या जागी ‘आत्मा’ वाचून गीतेतील अविनाशी आत्म्याची कल्पना तेथे आणल्यास अर्थ बदलतो.
* आम्ही आणि आपण – ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीत आहे. ग्रीकमध्ये तो नाही. वादळात सापडलेले शिष्य येशूला जागे करतात तेव्हा (मार्क ४:३८) ‘आम्ही बुडतो’ की ‘आपण बुडतो’, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते. तो निर्णय मूळ लेखकाचा मानून त्यावर प्रवचन उभारणे योग्य नव्हे.
* तू, तुम्ही आणि बाई – मराठी ‘तुम्ही’ अनेकवचनी आणि आदरार्थी असे दोन्ही असते. १ करिंथ ३:१६ मध्ये पौल संपूर्ण मंडळीला मंदिर म्हणतो; ते वचन एकाच व्यक्तीला उद्देशून असल्यासारखे वाचले जाते. योहान २:४ मध्ये येशूने आईला उद्देशून वापरलेला ग्रीक शब्द शब्दशः ‘बाई’ असा होतो. मराठीत तो रुक्ष वाटला तरी ग्रीक संबोधनात तसा अनादर नव्हता.
* पुस्तकांची नावे – पाचव्या पुस्तकाचे प्रचलित मराठी नाव ‘अनुवाद’ असे आहे. येथे भाषांतर हा अर्थ अभिप्रेत नसून नियमशास्त्राचे पुन्हा कथन असा आहे.

## चुकीच्या अर्थनिर्णयाचे परिणाम

उत्पत्ती ९:२५ मधील नोहाचा शाप अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांना लागू केला. त्या उताऱ्यात शाप हामाला नसून त्याचा मुलगा कनान याला आहे आणि कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. लंडन येथे १८०७ मध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची निवडक आवृत्ती छापण्यात आली. इस्राएल लोकांची मिसर देशातील दास्यातून झालेली सुटका तिच्यातून वगळण्यात आली होती, पण दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा उपदेश कायम होता. संदर्भ तोडण्याची चूक येथे जाणूनबुजून केली गेली. उलट अमेरिकेतील गुलामांनी निर्गमाच्या कथेतच स्वातंत्र्याची आशा पाहिली आणि ती आपल्या भक्तिगीतांतून गायिली.

मत्तय २७:२५ मधील जमावाच्या उद्गारावरून येशूच्या मृत्यूचा दोष सर्व काळच्या ज्यूंवर ठेवण्यात आला. शतकानुशतके झालेल्या छळाला या अर्थाचा आधार मिळाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत हा सरसकट दोषारोप अमान्य केला.

यहोशवा १०:१२–१३ मध्ये सूर्य थांबल्याचे वर्णन आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताविरुद्ध या उताऱ्याचा आधार घेण्यात आला. गॅलिलिओ यांनी १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्तिना यांना लिहिलेल्या पत्रात, धर्मग्रंथ सामान्य जनांच्या भाषेत बोलतो, असा युक्तिवाद केला. तरीही १६३३ मध्ये त्यांना दोषी ठरविण्यात आले. खगोलशास्त्र जाणणारा मनुष्यही आज ‘सूर्य उगवला’ असेच म्हणतो, हे लक्षात घेतल्यास तो युक्तिवाद समजणे कठीण नाही.

## मतभेदाची क्षेत्रे

प्रत्येक मतभेद म्हणजे चूक नव्हे. यशया ७:१४ मधील हिब्रू ‘अल्मा’ या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा असून प्राचीन ग्रीक भाषांतरात त्यासाठी सामान्यतः कुमारी या अर्थाने येणारा शब्द आहे. मत्तयाचे शुभवर्तमान त्या ग्रीक पाठाचा आधार घेते. ते भाकीत नजीकच्या काळातील बालकाविषयी होते की ख्रिस्ताविषयी, याबद्दल ज्यू व ख्रिस्ती परंपरांची उत्तरे वेगळी आहेत. स्त्रियांनी मंडळीत शिकवावे की नाही याबाबतही १ तीमथ्य २:१२ आणि रोमकरांस पत्र १६ मधील फीबी, युनिया यांचे उल्लेख यांचा मेळ निरनिराळ्या पंथांत निरनिराळ्या रीतीने घातला जातो. युनिया हे स्त्रीचे नाव असूनही काही काळ भाषांतरांत ते पुरुषाचे म्हणून छापले गेले. आज मात्र ती स्त्री होती हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

उताऱ्याचा मूळ श्रोत्यांसाठीचा अर्थ हाच एकमेव अर्थ आहे का, की परंपरेने त्यात पाहिलेला व्यापक अर्थही ग्राह्य आहे, हा प्रश्न श्रद्धेशी निगडित असल्याने खुला राहतो. परंतु व्यापक अर्थ मानणाऱ्यांनीही आरंभ शब्दार्थापासून करावा, असा दंडक थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या मध्ययुगीन विचारवंतांनी घालून दिला होता.

## अभ्यासपद्धती

वरील चुका टाळण्यासाठी अभ्यासक सामान्यतः पुढील क्रम अवलंबितात.

१. वचन एकटे न वाचता संपूर्ण परिच्छेद आणि शक्य तर संपूर्ण पुस्तक वाचणे.
२. वाङ्मयप्रकार, वक्ता आणि श्रोता निश्चित करणे.
३. दोन किंवा अधिक भाषांतरे समोर ठेवणे. ती जेथे भिन्न आहेत, तेथे मूळ भाषेत किंवा पाठात अडचण असण्याचा संभव असतो.
४. तळटीपांमधील पाठभेद वाचणे.
५. त्या काळातील चालीरीती, चलन, भूगोल व राजकीय परिस्थिती यांसाठी बायबलकोशाची मदत घेणे.
६. मूळ श्रोत्यांना काय कळले असेल हे ठरविल्यानंतरच आजच्या परिस्थितीशी संबंध जोडणे.
७. आपल्या मताला प्रतिकूल असलेले उतारेही तितक्याच लक्षपूर्वक वाचणे आणि अन्य परंपरांतील भाष्ये पाहणे.

यांपैकी अखेरची पायरी सर्वांत अवघड मानली जाते. भाषा, इतिहास व पाठभेद यांची माहिती ग्रंथांतून मिळू शकते. आपल्या पूर्वग्रहाची जाणीव मात्र वेगळे मत असलेल्या वाचकाशी झालेल्या चर्चेतून होते. याच कारणामुळे ज्यू परंपरेतील अध्ययन दोघांनी मिळून वादसंवादाच्या स्वरूपात करण्याची पद्धत आहे, तर ख्रिस्ती परंपरेतही सामूहिक अध्ययनाला महत्त्व दिले जाते.